बेळगावात मैत्रिणीला भेटायचंय? आधी गावापासून दोन दिवस राखा

एक पुण्यात, एक बंगळुरात आणि दोघींची शाळा-कॉलेजं बेळगावातली, अशा मैत्रिणींच्या जोड्या आमच्या सीमाभागात गल्लोगल्ली सापडतात. फोनवर 'एकदा निवांत भेटूया गो' वर्षानुवर्षं चाललेलं असतं. प्रत्यक्षात भेट होते ती कुणाच्या तरी लग्नात, अक्षता आणि पंगत यांच्या मधल्या पाच मिनिटांत. त्यातली तीन मुलांच्या मार्कांवर जातात. मी आणि माझी मैत्रीण आता शनिवार-रविवार ठरवून बेळगावात भेटतो. हे कसं जमवता, असं ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून पहिल्यांदाच असा बेत करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते. मित्रांच्या जोड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

अनोळखी ठिकाणी फिरायला जाणं त्या मानाने सोपं. तिथं तुमच्यावर कुणाचा हक्क नसतो. ओळखीच्या गावात शहापुरात आत्या असते, अनगोळात मावशी असते, आणि काकतीवेशीत तुम्हाला लहानपणी बघितलेले कुणीतरी काका असतातच. प्रत्येकाला तुमच्यातला थोडा वेळ हवा असतो आणि तो प्रेमाने मागितलेला असतो, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. काय बघायचं, कुठं खायचं हे नंतर. दोन दिवस हातातून निसटू द्यायचे नाहीत, यासाठी आखणी करायची.

तारीख धरताना

कॅलेंडर घेऊन बसा आणि चालत नाहीत ते वीकेंड आधी काटा.

१ नोव्हेंबरच्या आगेमागचा पहिला. त्या दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते, आणि १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधात मराठी भाषक काळा दिवस पाळतात. रस्ते वळवलेले, चौकाचौकात बंदोबस्त. एरवीही सीमावाद तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेपर्यंत येऊन मागे फिरतात. हे अधूनमधून होतच असतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांवर एक नजर टाका. रेल्वेला याची झळ सहसा लागत नाही.

दुसरा, डिसेंबरातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. हलग्याजवळ महामार्गाच्या कडेला सुवर्ण विधानसौध आहे. २०१२ साली तिचं उद्घाटन झालं. हिवाळी अधिवेशनाचे साधारण दोन आठवडे मंत्री, आमदार, अधिकारी, बंदोबस्ताचे पोलीस आणि मोर्चे घेऊन आलेली मंडळी असे सगळे एकदम गावात असतात. बऱ्यापैकी खोली मिळत नाही, मिळाली तर दर ऐकून घरी परतावंसं वाटतं. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय डिसेंबरचं काही बुक करू नका.

गणपती आणि शिवजयंती यांचं वेगळं आहे. बेळगावातला सार्वजनिक गणेशोत्सव टिळकांनी १९०५ साली झेंडा चौकात सुरू करून दिला, आणि विसर्जनाची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघाली की दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शिवजयंती इथं वैशाखात, परंपरेच्या तिथीने होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्र जागवते. त्यासाठी यायलाच हवं, पण ते गावासाठी येणं झालं. त्या गर्दीत मैत्रिणीशी बोलायचं म्हणजे ढोल-ताशांच्या वरताण ओरडणं.

उरलेल्यातले चांगले वीकेंड म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधले, नोव्हेंबर अखेरचे आणि जानेवारी-फेब्रुवारीतले. जानेवारीच्या आसपास कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. एखादा रविवार त्यात सापडला तर जाऊन बसायला हरकत नाही. व्याख्यान ऐका किंवा ऐकू नका, मांडवातल्या मागच्या खुर्च्या गप्पांना उत्तम असतात. पावसाची आवड असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये या. मात्र इथला पाऊस पडून उघडत नाही, दिवसभर बारीक लागून राहतो. छत्री, पाय न सोलणाऱ्या सँडल आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड, एवढं धरून चाला.

तारीख ठरली की दोघींनी आपापल्या घरी त्याच दिवशी सांगून टाकायचं. 'बघूया' म्हणून ठेवलेली तारीख नणंदेच्या वास्तुशांतीत जाते.

कोण कुठून, कशाने

बेळगाव भेटायला सोयीचं पडतं ते मुळात जागेमुळे. पुण्याहून साधारण ३४० किलोमीटर, बंगळूरहून ५०० च्या आसपास, मुंबईहूनही जवळपास तेवढंच. कुणा एकीवरच सगळा प्रवास पडत नाही.

बंगळूरवालीने रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरावी, सकाळी बेळगाव येतं. पुणे-मुंबईच्या गाड्या मिरजमार्गे येतात. २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारतही बेळगावला थांबते, पण ती रोज नाही आणि पुण्याहून दुपारी सुटून रात्री पोचवते. वार न बघता शनिवारची धरली तर पहिला दिवस डब्यातच संपला. आरक्षणाच्या ॲपमध्ये जुन्या नावाने शोधत बसू नका. २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, स्टेशनचा कोड मात्र अजून बीजीएमच.

खासगी स्लीपर बसचं एक लक्षात ठेवा. पुढे हुबळी, बंगळूरला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शहरात न शिरता महामार्गावरच उतरवतात, तेही पहाटे चारला. तिकीट काढतानाच 'गावात येता की बायपासला सोडता' हे विचारून घ्या. त्या वेळी रिक्षावाला सांगेल तो दर असतो. मीटरची आशा इथं दिवसाही धरू नये, बसायच्या आधी बोलून घ्यावं.

दोघी एकाच वेळी पोचायचा हट्ट नको. जी आधी येते तिने खोली ताब्यात घ्यावी, आंघोळ उरकावी आणि दुसरीला आणायला स्टेशनवर जावं. हे स्टेशनवर जाणं मात्र चुकवू नका. फोनवर रोज बोलणारी मैत्रीण डब्यातून उतरताना दिसते तेव्हा दोघींना पहिले दोन क्षण काही सुचत नाही, मग एकदम 'अगं केस किती कापलेस' सुरू होतं. हॉटेलच्या लॉबीत तसं होत नाही.

मुक्काम: इथंच सगळं ठरतं

नातेवाईकांकडे उतरू नका. फार वाईट वाटतं हे लिहिताना, पण उतरू नका.

मावशीकडे उतरलात की सकाळी सातला चहा, आठला उप्पीट, त्यावर 'एवढंच खाल्लंस?', नऊला शेजारच्या काकू बघायला येतात. मैत्रीण तिच्या आत्याकडे उतरलेली असते आणि तिचंही हेच चाललेलं असतं. अकरा वाजता भेटायचं ठरलेलं साडेबाराला होतं, आणि दीडला दोन्ही घरून जेवायला फोन येतात. संध्याकाळी सातच्या आत परत, कारण मावशीनं तुमच्यासाठी मुद्दाम काहीतरी केलेलं असतं. दोन दिवसांत मैत्रिणीच्या वाट्याला चार तास येतात.

माहेर अजून गावात असेल तर प्रश्न जास्त नाजूक. आई-वडील असताना लॉजवर राहणं आपल्याकडे बसत नाही आणि बसूही नये. अशा वेळी शुक्रवारी रात्रीच पोचा, शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ घरच्यांची, आणि शनिवारी दुपारपासून रविवार दुपारपर्यंत मैत्रिणीबरोबर हॉटेलात, असं आधी सांगून ठेवा. आया समजून घेतात. त्यांनाही त्यांच्या मैत्रिणी होत्या.

खोली शक्यतो टिळकवाडी, काँग्रेस रोड किंवा कॉलेज रोडच्या बाजूला बघा. तिथून पायी बरंच काही जवळ पडतं. महामार्गावरची मोठी हॉटेलं दिसायला छान, पण तिथं राहिलात की प्रत्येक फेरीला रिक्षा आली आणि रात्री जेवून चालत परतायची मजा गेली. दोघींनी एकच खोली घ्यायची. अर्धं बोलणं रात्री दिवे घालवल्यावरच होतं. आधार कार्ड दोघींचंही लागतं. लग्नसराईत हॉटेलं वऱ्हाडांनी भरलेली असतात, तेव्हा ज्या मजल्यावर लग्नघर नाही असा मजला मागून घ्या.

गावाला कधी कळवायचं

आल्याचं अगदीच लपवता येत नाही. गणपत गल्लीत पाचशे पावलं चाललात की कुणीतरी हाक मारतं, आणि ती बातमी तुमच्या आधी शहापुरात पोचलेली असते. मग मावशीचा फोन: "गावात येऊन हॉटेलात राहतीस? आमचं घर काय पडलंय होय गं?" याला उत्तर नाही. त्यामुळे हा फोन यायच्या आधी आपणच करायचा, शनिवारी सकाळी, आणि त्याच फोनवर वेळ सांगून टाकायची.

वेळ कुठली सांगायची यातही मेख आहे. दुपारचं जेवण कधीही कबूल करू नका. जेवण झालं की 'थोडं आडवं हो', उठलं की चहा, चहा झाला की 'आता रात्री जेवूनच जा'. सकाळचा नाश्ता त्याहून बरा, पण सगळ्यात चांगली रविवारची दुपारी चारची चहाची वेळ. खाली रिक्षा उभी, हातात सामान, सहाची गाडी. कुणाला थांबवता येत नाही, आणि गेल्याचं समाधान दोन्ही बाजूंना. प्रत्येकीने एकच घर निवडायचं आणि दोघींनी मिळून दोन्हीकडे जायचं. मैत्रीण बरोबर असली की 'सून बघितलीस का', 'जमीन कधी विकणार' असले विषय निघत नाहीत. निघताना ओटीत नारळ आणि ब्लाऊजपीस येणारच, बॅगेत तेवढी जागा ठेवा.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काय? तिथं आगाऊ काहीही टाकू नका. एक फोटो टाकलात की 'आम्हाला का नाही सांगितलं' पासून 'मी पण निघालो, कुठं आहात' पर्यंत सगळं तासाभरात होतं आणि दोघींची भेट पंधरा जणांचं गेट-टुगेदर बनते. ते वाईट नसतं, पण त्याचा वीकेंड वेगळा काढावा. आमच्याकडे फोटो ग्रुपवर जातो तो माझी गाडी निपाणी ओलांडून गेल्यावर.

शनिवार: पायी आणि सावकाश

पहिल्या दिवशी गाडी ठरवूच नका. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या दोघी समोरासमोर खुर्चीत बसल्या की मुलाखत सुरू होते: नोकरी कशी, सासूबाई कशा, शुगर किती. बाजूबाजूने चालताना तोच विषय वेगळा निघतो, कारण एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि अवघड काही बोलायचं असेल तर समोर बघून बोलता येतं. माझ्या मते बेळगावात येण्याचं खरं कारण हेच. गाव चालण्याएवढं आहे.

सकाळी लवकर जाग आली तर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात जा. जुन्या झाडांखाली सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, आणि त्यात तुमच्या एखाद्या सर-बाई हमखास असतात. थांबा, नमस्कार करा, पुढे चला. जवळच काँग्रेस रोडवर वीरसौध हे स्मारक. डिसेंबर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं होतं आणि गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन. आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे. लहानपणी आपण तिच्यावरून रोज गेलेलो असतो आणि कधी आत डोकावलेलो नसतो. तिथून आरपीडीचा कोपरा लांब नाही. आरपीडी म्हणजे राणी पार्वतीदेवी कॉलेजात पु. ल. देशपांडे काही काळ शिकवायला होते, हे बेळगावकर पाहुण्यांना पहिल्या दहा मिनिटांत सांगतातच. तुम्हीही सांगा, मोकळे व्हा.

शाळा बघायची असेल तर शनिवारच योग्य. इकडे शनिवारी सकाळची अर्ध्या दिवसाची शाळा असते. सुटायच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर जा आणि ऑफिसात विचारून आत शिरा. रविवारी फक्त गेटला लावलेलं कुलूप दिसतं. वर्गात गेलात तर बाकावर बसून बघू नका, गुडघे अडकतात.

दुपारनंतर बाजार. शनिवार हा आठवड्याच्या बाजाराचा दिवस, खेड्यापाड्यांतून बायका भाजीच्या पाट्या घेऊन येतात. मोसम असेल तर खानापूरकडची लाल मातीची रताळी दिसतील, त्यातली चार घ्यावीत. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली हा सगळा पट्टा तासाभराचा, पण दोघी असल्यावर तीन तास धरा. दुकानांच्या नव्या पाट्यांवर कन्नड मोठं आणि वर असतं. जुनी खूण शोधताना पाटी वाचण्यापेक्षा 'त्या देवळासमोरचं' असं विचारलेलं लवकर कळतं.

उन्हं कलल्यावर किल्ला. बसस्थानकाच्या पलीकडे तळं, तळ्याकडून आत शिरलं की दाराशीच दुर्गादेवीचं देऊळ. किल्ला रट्ट राजांच्या काळातला, १२०४ च्या सुमाराचा. आत बराच भाग लष्कराकडे आहे, तेव्हा फोटो कुठं काढायचा आणि कुठं नाही हे पाट्या बघून ठरवा. थांबायचं ते कमलबस्तीत. हे नेमिनाथांचं जैन मंदिर, काळ्या दगडाचं. बाहेर कितीही ऊन असलं तरी मंडपात पाऊल टाकलं की तळव्यांना गार लागतं. वर बघा: छताच्या मध्यातून दगडी कमळ खाली लोंबतंय. त्याच्या पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्यकाळातले प्रत्येकी २४, असे ७२ तीर्थंकर कोरले आहेत असं सांगतात. मोजायला गेलं की चाळिशीच्या आसपास मान दुखायला लागते आणि आकडा चुकतो. खांबांना कातून काढल्यासारख्या गोल कडा आहेत आणि त्यात आपलं तोंड अंधुक दिसतं. शेजारी रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात येऊन राहिले होते. आश्रमाच्या आवारात बोलणं आपोआप हळू होतं, म्हणून हे संध्याकाळी ठेवा. तोवर दोघींचं सकाळपासूनचं बोलून झालेलं असतं.

वेळ उरला तर कॅम्पातल्या झाडांच्या रस्त्यांवरून मिलिटरी महादेवाच्या देवळापर्यंत. नाही उरला तरी काही बिघडत नाही.

खाणं

इथं मी फार यादी देणार नाही. ज्याच्या त्याच्या लहानपणाचं हॉटेल वेगळं असतं, आणि मैत्रिणीच्या हॉटेलला नावं ठेवण्यासारखं दुसरं पाप नाही. मात्र एक जेवण तरी खानावळीत करा. ज्वारीची भाकरी मऊ किंवा कडक विचारतील, कडक मागा. ती पापडासारखी मोडते आणि मोडली की तिचा कोपरा भरल्या वांग्याच्या तेलात बुडवायचा. बरोबर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, शेंगांची चटणी, कांद्याची पात आणि मेथी कच्चीच, शेवटी भात आणि ताक. दोघींत एक ताट घ्यायचा मोह टाळा, वाढणाऱ्याला ते आवडत नाही आणि तुम्हालाही पुरत नाही.

रात्री हलकं. संध्याकाळी बाजारात भजी आणि चहा झालेलेच असतात.

रविवार: एकच ठिकाण

शनिवारी रात्री कुणीतरी म्हणतंच, 'गोवा काय इथं, चोर्ला घाट उतरला की आलंच'. त्याच्या पाठोपाठ आंबोली निघते. दोन्हीला नाही म्हणा. घाटात दोघींपैकी एकीला उलटी होणार आणि दुसरी घड्याळ बघत बसणार. रविवारी गावाबाहेर एकदाच जायचं आणि दुपारच्या दोनपर्यंत परत यायचं, एवढ्यात बसेल ते धरा.

सगळ्यात जवळ राजहंसगड, येळ्ळूरचा. साधारण पंधरा किलोमीटर, गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. २०२३ साली इथं शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभा राहिला तेव्हापासून रविवारी गर्दी वाढली, म्हणून सात वाजताच वर असा. सिद्धेश्वराचं देऊळ आहे. तटावरून चारी बाजूंची शेतं आणि बेळगाव शहर दिसतं. पावसाळ्यात धुक्यात काहीच दिसत नाही, तेही छान असतं.

गोकाक साठेक किलोमीटर. घटप्रभेचा धबधबा ५२ मीटरचा, पण जुलै ते ऑक्टोबरमध्येच जावं, उन्हाळ्यात नुसता खडक बघून याल. जुना झुलता पूल आणि १८८० च्या दशकातली गिरणी धबधब्याशेजारीच. कडेच्या खडकावर शेवाळ असतं, तिथं सेल्फी काढायला उतरू नका. परतताना करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्या.

मला स्वतःला हलशी आवडते. बेळगावहून खानापूर २६ किलोमीटर, पुढे नंदगडवरून हलशी. खानापूर तालुक्यात कुठंही मराठीत विचारलं तरी वाट सांगतात. हलशी ही कदंब राजांची जुनी राजधानी. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत: एकीकडे नरसिंह, दुसरीकडे वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की कुणाला पाठ करावी हे कळत नाही. मग दोघींनी एकेका देवाकडे तोंड करून पाठीला पाठ लावून बसावं, गुरवही काही म्हणत नाही. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या सरदाराला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथंच फाशी दिलं. हलशीत जेवणाची सोय धरू नका, खानापुरात खाऊन निघा किंवा डबा घ्या.

यांपैकी एकच. दोन केलीत की संध्याकाळची गाडी पळत पकडावी लागते.

बस, तिकीट, पैसे

लाल बसने जायचं ठरलं तर गंमत आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण इथला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. बंगळूरच्या मैत्रिणीला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, आणि तिच्याच बाकावर पुण्याच्या आधार कार्डवाली पूर्ण पैसे मोजते. शून्याचं असलं तरी तिकीट जपून ठेवा, तपासनीस मागतो. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण. बसच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्येच असतात, चढायच्या आधी कंडक्टरला गावाचं नाव सांगून विचारा. शहरातला कंडक्टर मराठी समजतोच, बोलतो की नाही हे त्या दिवसाच्या हवेवर. 'येष्टु' म्हणजे किती आणि 'साकु' म्हणजे पुरे, एवढी दोन पाठ असली तरी बाजारातला तोंडावळा बदलतो.

पैशाचं सोपं ठेवा. खोली एकीने, गाडी आणि जेवणं दुसरीने, आणि रविवारी दुपारी बसून हिशेब. प्रत्येक चहाला 'मी देते, मी देते' म्हणून गल्ल्यावर झोंबाझोंबी करायची असेल तर करा, पण ती बेळगावची जुनी सवय आहे आणि त्यात तिसराच कुणीतरी पैसे देऊन जातो.

निघताना

खोली बाराला सोडावी लागते, तेव्हा सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. मग जेवण आणि दोन्ही घरचे चहा. पुढची तारीख चहाच्या आधीच, दोघींचे फोन समोर असताना धरा. स्टेशनवर धरायची ठेवली तर गाडी हलते आणि राहून जातं.

कुंदा शेवटच्या दिवशी घ्या, ताजा. खव्याचा असल्यामुळे फार दिवस ठेवायचा नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर अजिबात नाही. मांडे घ्यायचे असतील तर त्यांचा डबा मांडीवर धरावा लागतो. वरच्या फळीवर बॅगांच्या मध्ये ठेवले की घटप्रभा यायच्या आत त्यांचा चुरा. झालाच तर टाकू नका. वाटीत घेऊन वर गरम दूध ओतलं की तसेही ते खायचेच असतात.